दुसरीच्या रात्रीचे कोरे रकाने मी भरू का?

रातपाळी:
जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून तीन वर्षं झाली. जिल्ह्याच्या गावी एका खासगी रुग्णालयात पुरुषांच्या मेडिकल वॉर्डला आहे. याहून जास्त ओळख सांगत नाही.

११ नंबरला एक बाबा आहेत. अर्धांगवायू, नाकातून पोटात रायल्स ट्यूब, लघवीला कॅथेटर, वजन नव्वदीच्या घरात. सहाव्या दिवशी सकाळी स्पंजिंग चालू असताना त्यांच्या मुलीलाच माकडहाडापाशी जखम दिसली. रुपयाएवढी, साल गेलेली, आत लालभडक. म्हणजे दुसऱ्या स्टेजचा बेडसोर.

पोझिशन चार्ट मात्र देखणा आहे. दर दोन तासांनी डावी कूस, उजवी कूस, पाठ. त्यातल्या दोन रात्री माझ्या. मंगळवारची मला नीट आठवते. २८ पेशंट, मी एकटी आणि एक मावशी. साडेबाराला नवी ॲडमिशन, पावणेदोनला १९ नंबर अरेस्ट झाला, म्हणजे हृदय बंद पडलं, त्याला आयसीयूत पोचवून परत येईपर्यंत साडेतीन. मग अँटिबायोटिक्स, शुगर, इनटेक-आउटपुट. बाबांना मी ११ ला वळवलं ते थेट ५ ला. चार्टवर १ आणि ३ पण आहेत, माझ्याच सहीने. साडेपाचला एका दमात भरले. आम्ही त्याला ‘चार्ट कम्प्लीट करणं’ म्हणतो. तेव्हा खोटं लिहितेय असं वाटलंसुद्धा नाही, आता तेच टोचतंय.

मुलीने फाइलच्या झेरॉक्ससाठी अर्ज दिलाय. बुधवारच्या रात्रीचे तीन रकाने कोरे आहेत. ती रात्र माझी नव्हती आणि जिची होती ती रजेवर गावी गेलीय. इन्चार्ज सिस्टर काल हळूच म्हणाल्या, “तुझं अक्षर तिच्यासारखंच आहे, फाइल एमआरडीला, रेकॉर्ड विभागात, जायच्या आत भरून टाक.” बाई वाईट नाहीत हो. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी माझ्या ड्यूट्या त्यांनीच बदलून दिल्या होत्या. म्हणून तर नाही म्हणायला जीभ उचलत नाही.

आणि परवा मुलीने विचारलं, “सिस्टर, रात्री वळवत होतात ना?” मी हो म्हणून बसले.

काय करू?

आयसीयूतला ब्रदर:
कटू बोलतो. गप्प बस. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या प्रमाणात टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक नर्स, इतर ठिकाणी पाचांमागे एक. तुझ्याकडे २८. हे प्रमाण मोडणाऱ्यांना कोणी विचारत नाही आणि तू दोन नोंदींसाठी नोकरी घालवणार? चार्ट सगळीकडे असेच भरले जातात, एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाची, पाहणी तोंडावर आली की तर मागचे पंधरा दिवस एका दुपारी भरतात. फक्त दुसरीचे रकाने भरू नकोस, त्यात तू विनाकारण अडकशील.

जुनी केईएमवाली:
ब्रदर, मनुष्यबळाचं तुमचं बोलणं सोळा आणे खरं. पण सगळे चार्ट पूर्ण दिसत असतील तर माणसं कमी आहेत हे प्रशासनाला कशावरून दिसणार? आपणच आपल्या हाताने पुरावा पुसतो.

बाळा, आता तुझ्याशी. कोरा रकाना तसाच जाऊ दे. ‘केलं नाही’ किंवा ‘लिहिलं नाही’, एवढाच त्याचा अर्थ. तू भरलास की ती बनावट नोंद झाली. तुझे १ आणि ३ दुरुस्त करायचे तर व्हाइटनर नाही, पान बदलणं नाही. एक आडवी रेघ, खालचं वाचता यायला हवं, शेजारी ‘लेट एन्ट्री’, आजची तारीख-वेळ, सही. पण झेरॉक्सचा अर्ज आलाय, तेव्हा एकटीने ती रेघसुद्धा मारू नकोस. आधी मेट्रनना लेखी दे, मग त्यांच्यासमोर. अर्जानंतर कागद ७२ तासांत द्यायचे असतात, म्हणून आजच जा. आणखी एक. १९ नंबरच्या फाइलमध्ये अरेस्टची वेळ असणारच. दोन फायली शेजारी ठेवल्या की तुझा ३ चा रकाना खोटा ठरतो आणि तू कुठे अडकली होतीस तेही कळतं. तीच फाइल तुझी साक्षीदार.

मी परळला केईएम रुग्णालयात शिकले. तिथल्याच नर्स अरुणा शानबाग हल्ल्यानंतर १९७३ पासून २०१५ पर्यंत तिथे अंथरुणाला होत्या आणि परिचारिकांनी पाठीला बेडसोर होऊ दिला नाही. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या परिचारिकांचं कौतुक केलं. लोक माया म्हणतात. माया होतीच, पण पाळीमागून पाळी वळवायला हातही होते.

बाबांचं बघ. आम्ही स्पिरिट-पावडर लावून पाठ खसाखसा चोळायचो, आता लाल जागा चोळत नाहीत. बोटाने दाबायची, पांढरी पडली नाही, लालच राहिली, तर पहिली स्टेज सुरू झाली समजायचं. पूर्ण कुशीवर नको, पाठीशी उशी देऊन तीस अंश. पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. रबरी रिंग असली तर फेकून दे. एवढ्या वजनाच्या माणसाला वर ओढलं की साल निघते, ड्रॉशीट, म्हणजे अंगाखालची आडवी चादर, धरून दोघींनी उचला. अल्फा बेड, म्हणजे हवेची गादी, लावला तरी वळवणं सुटत नाही.

स्टुलावरची लेक:
मी नातेवाइकांपैकी. आईला असंच झालं होतं. रात्रभर तिच्या उशाशी स्टुलावर मोबाइल बघत बसायचे. दोन तासांनी वळवायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नाही, नाहीतर उठले नसते का? जखम डोळ्यांसमोर होती. पण “हो हो, वळवलं होतं” हे ऐकल्यावर पुढे सलाइनच्या बाटलीवरचाही विश्वास उडाला.

रातपाळी:
उशिरा लिहितेय. मेट्रनना लेखी दिलं, इन्सिडंट फॉर्म भरला. माझ्या दोन नोंदींवर त्यांच्यासमोर रेघ मारली. बुधवार कोराच गेला. इन्चार्ज सिस्टर पाळी बदलताना ओव्हर घेतात तेवढंच बोलतात. चौकशी लागेल म्हणे, तारीख आलेली नाही.

मुलीला कॉरिडॉरमध्ये गाठून सांगितलं, मंगळवारी अकरा ते पाच वळवलं नव्हतं, तुम्हाला खोटं बोलले. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “आणि बुधवारी?” म्हटलं, माझी ड्यूटी नव्हती, मला माहीत नाही. खरं होतं, तरी पळवाट काढल्यासारखं वाटलं. ती काही न बोलता आत गेली.

ब्रदर, आज २६ पेशंट आहेत, मी आणि मावशी. अकराला बाबांना वळवायला गेले तर मुलीने ड्रॉशीटचं दुसरं टोक धरलं. माझ्याकडे बघितलं नाही.

एक वाजत आलाय. जाते.