ताडोबाच्या होमस्टेवाल्यांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर केलं, पण वापरतच नाहीत

चिमूरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो आन् कोलारा गेटजवळच्या सहा होमस्टेवाल्यांना रूम बुकिंगचं सॉफ्टवेअर बनवून दिलं. कॅलेंडर, बिल, पेमेंट लिंक सगळं आहे पण मालक उघडूनच पाहत नाहीत, फोनवर बुकिंग घेतात, वहीत लिहितात, मग एकच रूम दोघांना जाते आन् शिव्या मले. महिन्याचे ५०० मागतो तर म्हणतात पावसाळ्यात कायचे देऊ. सफारी बुकिंग पण आत टाकू का? कोणी हा धंदा वाढवला असेल तर सांगा.

भद्रावती_साइड:
भाऊ, मी २०१७ पासून मोहर्ली गेटकडं हेच करून राहिलो. पहिलं वर्ष लोकांचे पासवर्ड बदलून देण्यातच गेलं. मंग एका मालकाच्या ओसरीत दोन दिवस नुसता बसलो तेव्हा समजलं का फोन आला तर मालक पहिले रूमचं बोलतच नाही, सफारी कोणत्या गेटची हे विचारते. मुंबईचे लोक सफारी कोलाराची काढतात आन् रूम मोहर्लीत घेतात, त्यांना वाटते एकच तर जंगल आहे, पण बाहेरून फिरून जायला दोनेक तास लागतात आन् सकाळची सफारी उजाडताच सुटते. म्हणून मी पहिला रकाना गेटचा टाकला, जुळलं नाही तर लाल दिसते. तेवढ्यावर शेजारच्या मालकांचे फोन सुरू झाले बाप्पा. सफारी विकाच्या भानगडीत मात्र पडू नको, ती वनखात्याच्या साइटवरून ज्याची त्यानं काढावी, ओळखपत्र जुळलं नाही तर गेटवर अडवतात आन् गेस्ट भांडते तुझ्याशी.

वही बंद नको करू. आमच्याकडं मालक फोन ठेवला का व्हॉट्सॅपवर बोलून टाकते, "शनवारी दोन रूम", आन् माझा भाचा लगेच चढवते. सॉफ्टवेअरवाले आन् हातानं एंट्री, म्हणून लोक हसले, पण डबल बुकिंग थांबलं.

पैशाचं सांगतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, गेट बंद, गेस्ट अॅडव्हान्स वापस मागून राहिले आन् मालकाचा पैसा तर रंगरंगोटीत गेलेला. तेव्हा दोन रात्री जागून "तारीख पुढं ढकला" असं बटन बनवलं, आजही सगळ्यात जास्त तेच दाबतात. तेव्हापासून भरलेल्या रूममागं पैसे घेतो, रूम रिकामी तर माझं मीटर बंद. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर म्हणजे आतलं जंगल बंद, बफरवर म्हणजे बाहेरच्या पट्ट्यात थोडंफार चालते, म्हणून चिखलदऱ्याचे लॉज पकडले, तिथला सीझनच पावसाचा. शेगावात आपटलो. तिथं लोक दर्शनाआधी आंघोळीपुरती रूम मागतात, तीन-चार तासांची, आन् माझं कॅलेंडर रात्रीच्या हिशोबाचं. ते बदलाले सहा महिने गेले.

होमस्टेवाली_ताई:
मी मालकीण आहे म्हणून बोलते. आमच्या घरी रेंज फक्त गच्चीवर येते. गेस्टचा फोन येतो तेव्हा मी चुलीपाशी असते, हाताला पीठ लागलेलं, तेव्हा तुझं लॉगिन कोण करणार रे भाऊ? आन् नागपूरचे लोक लिंकवर पैसे भरत नाहीत, आधी बोलतात, गावरान कोंबडी मिळेल का, गाडी कुठं लावायची, मग भरतात. आमचा नंबर लपवू नको, मोठ्या साइटवाले तेच करतात.

हिशोबी_माणूस:
जीएसटीचा दर कोडमध्ये फिक्स करून ठेवू नका. १००० रुपयांखालच्या रूमला आधी माफ होता, १८ जुलै २०२२ पासून १२ टक्के लागला, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. आन् ज्याचं रजिस्ट्रेशनच नाही त्याच्या बिलावर तो छापू तर मुळीच नका, काऊन की लहान होमस्टेवाल्यांची वर्षाची उलाढाल बहुतेक २० लाखांच्या आतच असते, तिथवर रजिस्ट्रेशन लागत नाही.

चिमूरचा_पोरगा:
ताई, नंबर मीच लपवला होता, आज रात्रीच काढतो. भद्रावतीवाले भाऊ, एक सांगा, मंगळवारी सफारी बंद राहते तर सोमवारच्या रात्रीचा रेट तुम्ही कमी ठेवता का? माझ्याकडं तीच रात्र सगळ्यात रिकामी जाते.

भद्रावती_साइड:
ठेवतो. पण मालकाले विचारून, नाही तर तो वहीतला रेट सांगते आन् तुझा वेगळा निघते.