योसेमिटीला आईबाबांना कुठवर न्यायचं?

ताई (सॅन होजे): शनिवारी आईबाबांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कला निघतोय. आठवडाभर कडक ऊन आहे, पावसाचं नाव नाही. तिथल्या व्हर्नल फॉल धबधब्याच्या माथ्यापर्यंत जाऊन येऊ म्हणतेय.

काका (पुणे): पाऊस नाही तर धबधब्याला पाणी असेल का गं? मे महिना आहे.

दादा (फ्रेस्नो): काका, इथे मे-जूनमध्येच सगळ्यात जास्त पाणी असतं. सिएरा नेवाडा डोंगरांत हिवाळाभर साठलेला बर्फ आत्ता वितळतो. योसेमिटी फॉल ७३९ मीटरचा, पण ऑगस्टपर्यंत कित्येकदा आटूनही जातो.
आणि ताई, कडक ऊन म्हणतेस तीच काळजीची गोष्ट आहे. ऊन तापलं की व्हर्नल फॉलची मर्सेड नदी चढते. दुपारी वर वितळलेलं पाणी खाली दरीत यायला काही तास लागतात, त्यामुळे रात्री पाणी जास्त असतं. सकाळी सहज ओलांडलेला ओढा संध्याकाळी परतताना अडवू शकतो. आभाळाकडे बघून अंदाज बांधू नकोस.

ताई: मग नेऊ की नको?

दादा: ने की! पण धबधब्याच्या अलीकडच्या पुलापर्यंतच. वाट सुरू होते त्या हॅपी आइल्सपासून साधारण १.३ किलोमीटर, वाट चांगली आहे, चढ मात्र दमवतो. पुलावरून धबधबा समोर दिसतो. पुढे माथ्याकडे जाणाऱ्या मिस्ट ट्रेल या वाटेला सहाशेच्या वर दगडी पायऱ्या आहेत, कुठे वीतभर तर कुठे गुडघाभर. या दिवसांत तिथे तुषार कसले, आडवा पाऊसच अंगावर येतो. चष्मा पुसेपर्यंत पुन्हा भिजतो आणि त्याच अरुंद पायऱ्यांवरून समोरून माणसं उतरत असतात. बाबांचे गुडघे उतरताना बोलतील.

आई: अरे, मी रायगड पायऱ्यांनी चढलेय.

दादा: आई, तू चढशील गं, त्याची शंका नाही. मला भीती पाण्याची वाटते. माथ्याजवळ एमरल्ड पूल नावाचा डोह आहे, बघून वाटतं पाय बुडवून बसावं. पण काठचा ग्रॅनाइट पाण्याने घासून गुळगुळीत झालाय आणि पाणी बर्फाचं. पडलेल्या माणसाचे हातपाय लगेच आखडतात, पोहता येत असूनही उपयोग होत नाही. २०११ साली खूप बर्फ पडला होता, त्या जुलैत व्हर्नल फॉलच्या माथ्यावर कठडा ओलांडून गेलेले तिघे वाहून गेले. म्हणून हात धुवायला नाही, बाटली भरायला नाही, फोटोला तर नाहीच नाही. मुलांनाही आधीच बजावून ठेव.

मावशी (ठाणे): मग जवळून धबधबा बघायचाच नाही का रे त्यांनी?

दादा: बघायचा ना मावशी! लोअर योसेमिटी फॉलची फेरी दीडेक किलोमीटरची, जवळजवळ सपाट. तिथल्या पुलावर उभं राहिलं की चेहरा भिजतो. पौर्णिमेच्या आसपास आभाळ मोकळं असेल तर रात्री तिथे चंद्रप्रकाशातलं इंद्रधनुष्य दिसतं. ताई, तारीख जुळते का बघ, मी तर म्हणेन त्यासाठी मुक्काम कर.

बाबा: सँडल चालतील का?

दादा: नको बाबा, पकड असलेले बूट घाला. रेनकोट घ्या आणि एक कोरडा शर्ट गाडीत ठेवा.

ताई: ठीक. पुलापर्यंतच जातो. पौर्णिमा बघून सांगते.