शब्द हवा : ट्यूमर मायक्रोएन्व्हायर्नमेंट

पानफुटी : कर्करोगाच्या रुग्णांसाठीच्या पुस्तिकेत मी 'अर्बुदाचे सूक्ष्मपर्यावरण' असं लिहिलं. कच्चा मसुदा वाचून मावशी म्हणाली, "म्हणजे कारखान्याचा धूर वगैरे का गं?" दुसरं काही सुचतंय?

सांजवात : मावशींचं काय चुकलं? पर्यावरण म्हटलं की नद्या आणि प्रदूषणच आठवणार. इथे सगळं शरीराच्या आतलं आहे : गाठीतल्या रक्तवाहिन्या, फायब्रोब्लास्ट (तंतू विणणाऱ्या पेशी), रोगप्रतिकारक पेशी, कोलॅजन तंतूंचं जाळं. पेशी आपल्याच, पण गाठीने फितवलेल्या. जखम भरणं हे मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींचं एक काम. गाठीत त्याच पेशी नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. मी 'गाठीचा भोवताल' म्हणेन. 'अर्बुद' शब्दकोशात राहू द्या.

काळी_माती : 'वाफसा' (जमिनीतली पेरणीजोगी ओल) कसा वाटतो? स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने 1889 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 जणींच्या नोंदी तपासल्या. रोग यकृतात वारंवार पसरलेला, प्लीहेत क्वचित. रक्त तर दोन्हीकडे भरपूर जातं! बी सगळीकडे पडतं, रुजतं मात्र मानवेल त्या जमिनीतच, असा त्याचा निष्कर्ष.

सांजवात : शब्द झकास, पण अर्थ निसटतो. वाफसा पेरणीच्या आधी येतो आणि पिकाच्या हातात नसतो. गाठ स्वतःच आजूबाजूचं बदलत राहते. कधीकधी तर पेशी पोचण्याआधीच दूरच्या अवयवात तयारी करून ठेवते. तेवढ्यापुरता तुमचा वाफसा चालेल.

पानफुटी : उपचारांच्या प्रकरणात 'भोवताल' टिकेल का?

सांजवात : टिकेल की. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हा भोवताल इतका दाट असतो की रक्तवाहिन्या दबतात आणि औषध आत नीट पोचत नाही. ऑक्सिजन कमी असलेल्या भागात रेडिएशनचाही परिणाम कमी होतो. मग भोवतालच काढून टाकावा? उंदरांमध्ये फायब्रोब्लास्ट हटवून पाहिले, तर काही प्रयोगांत रोग उलट जास्त आक्रमक झाला. म्हणून 'वेढा', 'कवच' असले शब्द नकोत, तो नुसता शत्रूचा तट वाटतो. आणि चेकपॉइंट इम्युनोथेरपी (2018 चं नोबेल अ‍ॅलिसन आणि होंजो यांना तिच्यासाठीच) गाठीवर थेट घाव घालत नाही. टी पेशींना (याही रोगप्रतिकारक पेशीच) लावलेला ब्रेक काढते. तो ब्रेक बऱ्याचदा भोवतालातूनच दाबला जातो.

काळी_माती : वाफसा मागे घेतो. पण 'सूक्ष्म' कुठे गेलं?

पानफुटी : गाळलं. पहिल्यांदा येईल तिथे 'गाठीचा भोवताल (आतल्या आणि लगतच्या पेशी, रक्तवाहिन्या, तंतू)', पुढे नुसतं 'भोवताल'. मावशीला पुन्हा वाचायला देते.