'ऑस्करच्या शर्यतीत' म्हणजे नेमकं कुठवर?

सातरस्ता
दर डिसेंबर-जानेवारीत मेसेज फिरतो की अमका सिनेमा ऑस्करच्या शर्यतीत. मार्चमध्ये त्याचं नावही निघत नाही. 'कंगुवा', 'आडुजीवितम' यांच्या वेळी हेच झालं. शर्यत म्हणजे नक्की कुठली पायरी?
दुसरं, 'सैराट' लागला २९ एप्रिल २०१६ ला. पण अकलूजच्या रिंकू राजगुरूचं नाव राष्ट्रीय पुरस्कारांत मार्चमध्येच आलं होतं. सिनेमा लागायच्या आधी पुरस्कार, हे कसं काय?
आणि महोत्सवात गाजलेले सिनेमे सोलापुरात क्वचितच लागतात. घरीच बघायचे तर आधी कुठले बघावेत?

मागची रांग
मेसेजमधलं क्रियापद बघा. 'पात्र ठरला' असं असेल तर कुणीही निवड केलेली नाही. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, शिकागो, डॅलस, अटलांटा या सहा शहरांच्या परिसरांपैकी एकात सिनेमा सलग ७ दिवस चालवायचा, ठरल्या मुदतीत अर्ज भरायचा, बाकी नियम पाळायचे, की नाव यादीत. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी अटी जरा जास्त आहेत. ९७ व्या ऑस्करला पात्र सिनेमे होते ३२३, त्यातले २०७ सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी. तुम्ही म्हणता ते दोन्ही त्या ३२३ मधले. हा हजेरीपट आहे, गुणपत्रिका नव्हे.

'भारताची अधिकृत प्रवेशिका' ही वेगळी वाट. तिथे फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती एकच सिनेमा पाठवते. तो आपल्या देशात ७ दिवस लागलेला हवा आणि निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत हवेत. त्यानंतर १५ जणांची शॉर्टलिस्ट, मग ५ नामांकनं. २०२४ ला २९ सिनेमांतून 'लापता लेडीज' गेला, तो १५ मध्ये आला नाही. पुढच्या वर्षी 'होमबाउंड' १५ मध्ये आला, पाचात नाही. आजवर पाचात पोचले ते तीनच: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे', 'लगान'. मराठीतून 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' पाठवले गेले, पण नामांकन एकालाही नाही.

गंमत म्हणजे 'लापता लेडीज' शर्यतीतून बाहेर पडला त्याच वर्षी संध्या सूरींचा हिंदी 'संतोष' १५ मध्ये होता, पण ब्रिटनकडून.

बाळीवेस
रिंकूचं कोडं सोपं आहे. राष्ट्रीय पुरस्काराला सिनेमा कधी लागला ते बघतच नाहीत, सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरची तारीख बघतात. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०१५ मधलं प्रमाणपत्र असेल तर तो ६३ व्या पुरस्कारांत. 'सैराट' त्याच वर्षात धरला गेला. थिएटरात यायला एप्रिल उजाडला, एवढंच. तिला मिळाला तो विशेष उल्लेख, म्हणजे प्रशस्तिपत्र. रजत कमळ, म्हणजे पदक, नाही. जेऊरच्या नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'ला मात्र पदार्पणातल्या दिग्दर्शकाचा पुरस्कार होता, शिवाय सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा.

अंदाज बांधणारे इथेच घसरतात. डिसेंबरात सेन्सॉर होऊन जानेवारीत लागलेला सिनेमा आदल्या वर्षाचा धरायचा. शिवाय निकाल रेंगाळतात. १ ऑगस्ट २०२५ ला जाहीर झालेले ७१ वे पुरस्कार २०२३ चे होते. मराठीत 'श्यामची आई'ला मिळाला तो त्यातलाच.

शेंगाचटणी
ऑस्करचा अंदाज लावायचा असेल तर गोल्डन ग्लोबवर पैज लावू नका. तिथे मत देतात पत्रकार, ऑस्करला सिनेमा बनवणारे. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला ग्लोबची दोन नामांकनं होती, ऑस्करला शून्य.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाची मोजणी बाकी विभागांसारखी नसते. मतदार १० सिनेमांना पसंतीक्रम देतात. समजा मतपत्रिका १००. पहिल्या पसंतीत क ला ४०, ख ला ३५, ग ला २५. निम्म्याच्या वर कुणीच नाही, म्हणून तळातला ग बाद. त्याच्या २५ पत्रिकांवर दुसरं नाव कुणाचं? १८ वर ख, ७ वर क. झाले ख चे ५३, क चे ४७. पहिल्या फेरीत मागे असलेला जिंकला! म्हणून निम्म्यांना डोक्यावर घ्यावासा आणि निम्म्यांना नकोसा वाटणारा सिनेमा इथे मार खातो. निर्मात्यांच्या संघटनेचा, पीजीएचा पुरस्कारही याच पद्धतीने मोजतात. ऑस्कर जिंकलेले 'कोडा' आणि 'अनोरा' दोन्ही आधी तिथे जिंकले होते.

मागची रांग
आणि संकलनाचं नामांकन? ते नसेल तर सिनेमा जिंकत नाही म्हणतात.

शेंगाचटणी
ते जुनं झालं की ओ. 'बर्डमॅन' त्याशिवाय जिंकला. 'कोडा'ला तर अवघी तीन नामांकनं, त्यात ना दिग्दर्शन ना संकलन, आणि तिन्ही घेऊन गेला.

हुतात्मा
घरी बघायला तीन सांगतो. 'द डिसायपल' (व्हेनिस २०२०, पटकथेचा पुरस्कार). 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' (कान २०२४, ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसरा मोठा पुरस्कार), मल्याळम-हिंदी-मराठी आणि छाया कदमसाठी तर बघाच. रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं' (सनडान्स २०२५, जागतिक विभागाचा ज्युरी पुरस्कार) जिथे मिळेल तिथे.

पण आधी टीव्ही सरळ करा. 'डिसायपल'मध्ये गाणं शिकणारा शरद रात्री रिकाम्या रस्त्यावर मोटारसायकलवर आहे, चित्र संथ केलेलं, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचा आवाज (तो दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा). टीव्ही स्वतःहून मधल्या फ्रेम भरत असेल तर तोच प्रसंग मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो बंद करा. फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि संगीत अंगावर येत असेल तर ऑडिओमध्ये ५.१ (अनेक स्पीकरांसाठीचा ट्रॅक) निवडलेलं आहे का बघा. तिथे संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात. टीव्हीला दोनच स्पीकर, त्यामुळे एकत्र करताना ते दबतात. स्टीरिओ ट्रॅक असेल तर तो घ्या. आवाज वाढवून काही होत नाही, फक्त शेजारी येतात.

पडद्यावरच बघायचं असेल तर जानेवारीतलं पुण्याचं पिफ, म्हणजे तिथला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने गेलात तर परतीच्या संध्याकाळच्या गाडीआधी दोन सिनेमे आरामात होतात. तिसऱ्याच्या नादी लागलात की गाडी चुकली समजा.

सातरस्ता
ट्रूमोशन चालूच होतं.