शेजारधर्म, आघाडीधर्म: परराष्ट्र धोरणाला हे शब्द चालतील का?

'आघाडीधर्मापायी भारताला बांगलादेशाशी शेजारधर्म पाळता आला नाही' असं तिस्ता (सिक्कीम-बंगालमधून बांगलादेशात जाणारी नदी) पाणीवाटपाबद्दल लिहिलं तर चालेल का? शेजारधर्म म्हटलं की मला वाटीभर साखरच आठवते.

––

चालेल की, धर्म म्हणजे इथे कर्तव्य. पण आघाडीधर्माला उपरोध चिकटलाय, कोणी तो 'पाळला' म्हणजे मनाविरुद्ध काहीतरी गिळलं समजायचं (आपल्याकडे तर पक्ष बघून त्याचा युतीधर्म होतो). उदाहरण चपखल आहे, सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला निघाले, तिस्ताचा करार जवळजवळ तयार आणि ऐनवेळी बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी सोबत जात नाही म्हणाल्या, त्यांच्या पक्षाचे १९ खासदार सत्ताधारी आघाडीत, मग काय, राहिला करार.

––

अर्धंच चपखल. २०१४ नंतर भाजपचं स्वतःचं बहुमत होतं, जून २०१५ मध्ये मोदींबरोबर ममताही ढाक्यात होत्या, एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या भारताच्या १११ आणि बांगलादेशाच्या ५१ वस्त्यांचा घोळ मिटला, तिस्ता तिथेच. आणि बांगलादेशाशीच झालेला १९९६ चा गंगा पाणीवाटप करार बघा, दिल्लीत देवेगौडांचं कडबोळं सरकार असताना झाला कारण कोलकात्यात मुख्यमंत्री ज्योती बसूंनी मनावर घेतलं! म्हणजे अडतंय ते आघाडीपाशी नाही, राज्यापाशी, पाणी राज्यसूचीत आहे आणि उत्तर बंगालातल्या शेतकऱ्याला मतही आहे.

––

मग घरगुती राजकारण म्हणा?

––

नको हो, सासूसुनेचं वाटतं. देशांतर्गत बरंय, जरा सरकारी आहे खरं.

––

मी 'रेटा' सुचवेन. दबाव वरून येतो, रेटा मागून, गर्दीतून. मार्च २०१३ मध्ये तमिळनाडूतला द्रमुक श्रीलंकेतल्या तमिळांच्या प्रश्नावरून १८ खासदार घेऊन यूपीएतून (मनमोहन सिंगांच्या आघाडीतून) बाहेर पडला, म्हणजे आघाडीधर्म संपलाच ना, तरी दोनच दिवसांनी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत भारताने श्रीलंकेविरुद्ध मत दिलं आणि नोव्हेंबरात राष्ट्रकुल परिषदेला कोलंबोत पंतप्रधान गेलेच नाहीत, परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शिदांना धाडलं. तमिळनाडूचा रेटा!

––

पटलं. 'बंगालच्या रेट्यापुढे शेजारधर्म मागे पडला' असं करतो. आणि कच्चतीवू?

––

तिथे रेटा नाही चालायचा. १९७४ मध्ये श्रीलंकेकडे गेलेल्या त्या बेटाचा विषय २०२४ च्या लोकसभेच्या तोंडावर खुद्द पंतप्रधानांनी काढला, मागून कोणी ढकलत नव्हतं, तमिळनाडूत मतं हवी होती. त्याला साधं 'उकरून काढणं' म्हणा.