भूकंपलहरींमधल्या ‘दुय्यम’चा अर्थ

प्रश्न : भूकंपशास्त्रावरील मराठी लेखनात ‘प्राथमिक लहरी’ आणि ‘दुय्यम लहरी’ ही जोडी नेहमी आढळते. ‘दुय्यम’ म्हटले की गौण असा अर्थ मनात येतो. परंतु दुय्यम लहरींमुळे प्राथमिक लहरींपेक्षा अधिक हानी होते, असेही तेथेच लिहिलेले असते. ही संज्ञा सदोष मानून तिच्या जागी ‘अवतरंग’ हा शब्द वापरावा काय?

उत्तर : संज्ञेत दोष नाही. ‘दुय्यम’ हा शब्द फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘दुसरा’ एवढाच आहे. ‘दुय्यम दर्जा’, ‘दुय्यम भूमिका’ अशा प्रयोगांमुळे त्याला कमीपणाची छटा चिकटली. भूकंपशास्त्रात हा शब्द केवळ येण्याचा क्रम सांगतो. १८९७ च्या आसाम भूकंपाच्या दूरदूरच्या यंत्रांवर उमटलेल्या नोंदी तपासताना भूवैज्ञानिक रिचर्ड ओल्डहॅम यांना त्यांत तीन निरनिराळे टप्पे दिसले : आधी पोहोचणाऱ्या प्राथमिक लहरी, त्यांच्यामागून दुय्यम लहरी आणि शेवटी भूपृष्ठावरून येणाऱ्या लहरी.

हा क्रम अभ्यासकाच्या रोजच्या कामाचा आहे. भूकवचात प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर आणि दुय्यम लहरींचा सुमारे ३.५ किलोमीटर धरला, तर २०० किलोमीटर अंतर कापायला पहिलीला ३३ सेकंद लागतात आणि दुसरीला ५७. भूकंपालेखावर, म्हणजे यंत्राने काढलेल्या हादऱ्यांच्या आलेखावर, आधी बारीक थरथर उमटते आणि २४ सेकंदांनी रेघ एकदम मोठे हेलकावे घेऊ लागते. त्या दोन क्षणांमधला अवकाश मोजला की भूकंप किती दूर झाला ते कळते. अशा वेळी ‘पहिली’ आणि ‘दुसरी’ हेच सांगणारा शब्द हवा.

‘अवतरंग’ हा शब्द वेगळी गोष्ट सांगतो. लहर ज्या दिशेने पुढे जाते तिच्याशी काटकोनात कण हलत असतील तर तो अवतरंग, आणि त्याच दिशेने पुढेमागे हलत असतील तर अनुतरंग. दुय्यम लहरी अवतरंग आहेत हे खरे. पण भूपृष्ठावरून जाणाऱ्या लव्ह लहरींतही कण आडवेच हलतात, म्हणून नुसते ‘अवतरंग’ म्हटल्याने कोणती लहर ते ठरत नाही. पृथ्वीच्या अंतरंगाविषयी लिहिताना मात्र हा शब्द अपरिहार्य आहे. द्रव पदार्थ दाबला तर प्रतिकार करतो, परंतु त्याचा आकार बदलू पाहणाऱ्या ताणाला उलट जोर देत नाही. त्यामुळे त्यातून अनुतरंग जातात, अवतरंग जात नाहीत. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीखाली दुय्यम लहरी पुढे जात नाहीत, याचे कारण तेथील बाह्य गाभा द्रव आहे. ज्यांना आपण ‘दुय्यम’ म्हणून बाजूला सारतो, त्यांच्या गैरहजेरीने एवढी मोठी साक्ष द्यावी, ही गंमतच म्हणायची!

जोड : याच संदर्भात ‘छायाप्रदेश’ हा शब्दही तपासून वापरावा लागतो. अपिकेंद्रापासून, म्हणजे भूकंपाच्या उगमाच्या थेट वर भूपृष्ठावर असलेल्या बिंदूपासून, सुमारे १०३ ते १४२ अंशांच्या पट्ट्यात (हे अंश पृथ्वीच्या मध्याशी होणाऱ्या कोनाचे) थेट येणाऱ्या प्राथमिक लहरी पोहोचत नाहीत, कारण गाभ्यात शिरताना त्यांचा वेग एकदम घटतो आणि त्या आतल्या बाजूला वळतात. छाया म्हणजे पूर्ण काळोख नव्हे, हे येथे अक्षरशः खरे आहे. या पट्ट्यात काही क्षीण प्राथमिक लहरी नोंदल्या जात होत्या. त्यांचा उलगडा करताना डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा असल्याचे मांडले. दुय्यम लहरींची छाया मात्र १०३ अंशांच्या पलीकडे सर्वत्र पडते, म्हणून ‘छायाप्रदेश’ लिहिताना कोणत्या लहरींचा, ते सांगावे.

दुरुस्ती : वरील उत्तरातील २०० किलोमीटर हे अंतर अपिकेंद्रापासूनचे नसून नाभीपासूनचे आहे. खडक जेथे तुटतो ती नाभी, आणि तिच्या थेट वर भूपृष्ठावर असलेला बिंदू म्हणजे अपिकेंद्र. नाभी उथळ असेल तर दोन्ही अंतरांत फारसा फरक पडत नाही. ती शंभर-दीडशे किलोमीटर खोल असेल तर मात्र ‘भूकंपाचे केंद्र’ असे मोघम लिहून चालत नाही.