गुडघे आणि मनगट साथ देत नसताना परसबागेची मांडणी कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार.

आमचे घर कोल्हापुरात आहे. घरामागे लहानसे परस आहे, तिथे सकाळपासून साधारण दुपारी बारापर्यंत ऊन असते. गच्चीवर मात्र दिवसभर ऊन मिळते. मेथी, पालक, चुका, कोथिंबीर, मिरची, वांगी आणि कुंपणावर एखादा दोडका एवढे मी अनेक वर्षे घरीच पिकवत आले आहे. आता वयाची साठी उलटली असून दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सतत दुखते. उकिडवे बसायचे नाही, मांडी घालायची नाही आणि जड उचलायचे नाही, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले आहे. मात्र हालचाल थांबवू नका, असेही त्यांनीच सांगितले आहे. अडचण अशी की आपल्याकडची बागेची बहुतेक कामे, म्हणजे खुरपणी, विरळणी, पालेभाजी खुडणे, उकिडवे बसूनच करायची असतात, त्यामुळे यातले पहिले पथ्य पाळले की दुसरे आपोआप मोडते.

माझा विचार असा आहे की वाफेच उंचावर घ्यावेत. उद्यमनगरात लोखंडी स्टँड करून मिळतील, त्यावर तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि एक फूट खोल असे ट्रे ठेवून त्यांत माती भरावी आणि ते सगळे गच्चीवर न्यावे. दोडका आणि कारल्यासाठी गच्चीवरच डोक्याच्या वर मांडव घालावा, म्हणजे फळे उभ्यानेच तोडता येतील. पाणी सध्या झारीने घालते, परंतु भरलेल्या झारीचे आठ-दहा किलो वजन मनगटाला पेलत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. ट्रेची उंची किती ठेवावी? एवढे वजन स्लॅबला चालेल का? एकदा लावल्यावर वरचेवर पेरणी करावी लागणार नाही, अशा कोणत्या भाज्या आमच्या हवेत चांगल्या येतात? आणि खुरप्याची मूठ घट्ट धरावी लागू नये यासाठी कोणी काही केले आहे का? माळी ठेवण्याचा सल्ला कृपया देऊ नये. तो घरातून रोज मिळतो.

प्रतिसाद

ताई, प्रथम वजनाचे पाहू, कारण बाकीची मांडणी त्यावर ठरते. आपण दिलेल्या मापाच्या ट्रेमध्ये सहा घनफूट, म्हणजे सुमारे १७० लिटर माती मावते. ओल्या मातीचे वजन लिटरला दीड किलो धरले तरी एक ट्रे अडीचशे किलोंच्या वर जातो, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण साडेचारशे किलो. वापरातल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. असे ट्रे ओळीने मांडायचे असतील तर स्थापत्य अभियंत्याला घर दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. कोकोपीट आणि गांडूळखत जास्त घालून वजन उतरते, पालेभाजीला आठ इंच खोलीही पुरते, तरीही ट्रे स्लॅबच्या मध्यावर न ठेवता भिंतीच्या किंवा बीमच्या वर ठेवावेत.

माझे मत विचाराल तर मुख्य बाग परसातच ठेवावी. झिजलेल्या गुडघ्यांना जिना चढण्यापेक्षा उतरणे अधिक त्रासदायक असते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या संततधारेत गच्चीवर शेवाळ धरते. तिथे पाय घसरला तर बाग राहिली बाजूला. पालेभाज्यांना अर्ध्या दिवसाचे ऊन पुरेसे असते. गच्चीवर मिरची-वांग्याच्या मोजक्या ग्रो बॅग ठेवल्या म्हणजे रोज चढावे लागणार नाही.

उंचीबाबत एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. आपले हात मातीवर नव्हे, बहुतेक वेळ झाडावर चालतात. म्हणून मेथी, पालक, कोथिंबीर यांचा वाफा स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षा तीन-चार इंच कमी, म्हणजे अठ्ठावीस ते तीस इंचांवर असावा, तर मिरची-वांग्याचा दीड फुटावरच ठेवावा. नाहीतर झाड वाढल्यावर हात खांद्याच्या वर न्यावे लागतील. जांभ्याचे किंवा विटांचे कट्टे बांधले तर परसात वजनाचा प्रश्न येत नाही. एकाच बाजूने काम करायचे असेल तर रुंदी दोन फुटांपेक्षा जास्त नको.

त्याच कारणासाठी मांडव करू नये. मान वर करून, हात उंचावून तोडणी करणे खांद्यांना झेपत नाही. पाच फूट उंचीची उभी जाळी लावावी आणि वेल वर पोचला की शेंडा खुडावा. फांद्या आडव्या फुटतात आणि फळे छातीच्या उंचीवर लागतात.

प्रतिसाद

वरचेवर पेरणी नको असेल तर तोंडली लावावी. फाटा फळ देणाऱ्या वेलाचाच घ्यावा, कारण तोंडल्याचे नर आणि मादी वेल वेगळे असतात. जूनमध्ये लावलेला वेल पुढे अनेक वर्षे टिकतो. मायाळू, अळू, कढीपत्ता आणि पुदिना हेही असेच. मेथी मात्र दर वेळी नव्याने पेरावीच लागते. पालक कापून घेतला तर तीन-चार वेळा फुटतो.

खुरप्याच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड करावी, म्हणजे अंगठ्यावर ताण कमी येतो. त्याहून बरे म्हणजे खुरपणीच कमी करणे: उसाचे पाचट तुकडे करून वाफ्यावर तीन इंच पसरले तर तण फारसे उगवत नाही आणि पाणीही टिकते. पाचट आपल्या जिल्ह्यात कोणीही आनंदाने देईल. खत घेताना दुकानदाराकडे पाच किलोंच्या पिशव्या मागाव्यात, चाळीस किलोंचे पोते घरी आणून पुढे तुम्हीच ओढत बसाल.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. गच्चीवरचे ट्रे रद्द करून परसातच जांभ्याचे दोन कट्टे, एक उंच आणि एक बुटका, बांधून घेण्याचे ठरवले आहे. पाण्याचा प्रश्न तेवढा राहिला. गच्चीवरच्या टाकीतून नळी खाली आणून ठिबक बसवले तर पंपाची गरज लागू नये, असे वाटते. परंतु आमच्या टाकीत गाळ बराच येतो. फिल्टर नळीच्या सुरुवातीला बसवावा की कट्ट्याजवळ, आणि तो अंगठ्याने जोर न लावता उघडून धुता येईल असा कोणता प्रकार मिळतो, हे कोणी वापरून पाहिले असल्यास कृपया सांगावे.